आजार मराठीत, तपासणी कन्नडमध्ये
सीमाभागातील शाळकरी मुलांच्या आरोग्याचा एक दुर्लक्षित प्रश्न

जून महिना उजाडला की सीमाभागातील मराठी शाळांविषयी लिहिण्याची आमची एक ठरलेली रीत आहे. पटसंख्या किती घटली, शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, पाठ्यपुस्तके वेळेवर आली की नाही, कौले कोठे गळतात, याचा पाढा आम्ही दरवर्षी वाचतो. हे प्रश्न खरे आहेत आणि ते सुटेपर्यंत मांडलेच पाहिजेत. परंतु शाळेत जी पोरे येऊन बसतात, त्यांच्या प्रकृतीचे काय, हा प्रश्न मात्र या पाढ्यात क्वचितच येतो. आला तरी भाषेच्या प्रश्नाशी त्याचा काही संबंध आहे, असे आम्हालाही पूर्वी वाटत नव्हते.

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील एका गावी आम्ही काही कामानिमित्त गेलो होतो. शाळेत त्या दिवशी आरोग्य पथकाची गाडी आली होती. दोन डॉक्टर, एक सिस्टर आणि औषधे देणारा एक तरुण, असे चौघेजण व्हरांड्यात टेबल मांडून बसले होते. मंडळी भली होती. चिखलातून गाडी ढकलत आली होती आणि दुपारच्या आत त्यांना आणखी एक शाळा उरकायची होती. दुसरीतला एक मुलगा पुढे आला. डॉक्टरांनी प्रेमाने विचारले, "कण्णु नोवु इदेया?" पोराने क्षणभर विचार केला, आपला कान चाचपला आणि मान हलवून नाही म्हटले. कन्नडमध्ये कण्णु म्हणजे डोळा. मराठी पोराने ऐकला तो कान! कार्डावर डोळ्यांच्या रकान्यात दोष नसल्याची खूण झाली आणि पुढचा मुलगा उभा राहिला. नंतर बाईंनी आम्हाला सांगितले की, हाच मुलगा फळ्यावरचे सोडून शेजाऱ्याच्या पाटीवरचे बघून लिहितो. त्याला कॉपीची खोड आहे असे त्या समजत होत्या.

हसण्यासारखा प्रसंग आहे खरा. पण त्या मुलाच्या जागी आपले पोर उभे करून पाहिले, म्हणजे हसू येत नाही. त्या तपासणीत कोणी कामचुकारपणा केला नव्हता. डॉक्टर आले होते, कार्ड भरले गेले, मुलगा हजर होता, सरकारच्या दप्तरी काम पूर्ण झाले. फक्त मुलाच्या डोळ्यांची गोष्ट कोणाच्या कानावर गेली नाही.

शाळेत परिचारिका कशी आली

शाळकरी मुलांच्या आरोग्याची जबाबदारी शाळेने घ्यावी, हा विचार फार जुना नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात १८९७ पासून डॉक्टर शाळांतून मुले तपासत असत. ज्याला खरूज, नायटा, उवा किंवा डोळ्यांच्या खुपऱ्या असतील, त्याला घरी पाठवून देत. रोग पसरू नये हा हेतू चांगला होता. परंतु घरी पाठवलेल्या मुलावर उपचार कोणी करायचे, हे ठरलेले नव्हते. ती वस्ती परदेशांतून आलेल्या गोरगरीब कामगारांची होती. कोणाची भाषा यिद्दिश, कोणाची इटालियन. पोर शाळेतून परत का आले, हे आईला उमगत नसे, आणि पोर दिवसभर गल्लीत त्याच शाळासोबत्यांबरोबर खेळत असे.

१९०२ च्या ऑक्टोबरात लिलियन वॉल्ड या बाईंच्या पुढाकाराने लीना रॉजर्स नावाच्या परिचारिकेला चार शाळांवर एका महिन्यासाठी प्रयोग म्हणून नेमण्यात आले. तिने मोठी औषधे आणली नाहीत. शाळेतच खरजेला मलम लावले, डोळे धुतले आणि संध्याकाळी मुलांच्या घरी जाऊन आईला समोर बसवून काय करायचे ते दाखवले. प्रयोग इतका यशस्वी झाला की शहराने आणखी परिचारिका नेमल्या. १९०२ च्या सप्टेंबरात साडेदहा हजारांवर मुले आजारापायी शाळेबाहेर काढली गेली होती. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात ती संख्या सुमारे अकराशेवर आली. डॉक्टर तेच होते, रोगही तेच होते. भर पडली होती ती घरापर्यंत जाऊन आईशी बोलणाऱ्या बाईची.

आपल्याकडे या कामाचा आरंभ १९०९ साली बडोद्यात झाला, असे आरोग्यशास्त्राची पुस्तके सांगतात. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्यानंतर तीन वर्षांनी बडोदे शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. मुलाला शाळेत येणे भाग पाडायचे, तर त्याच्या प्रकृतीकडेही बघायला हवे, हा त्यातील सरळ न्याय आहे. राज्य गुजराती मुलखात आणि राजघराणे मराठी, त्यामुळे प्रजेच्या भाषेत कारभार चालवण्याचा धडा बडोद्याला निराळा शिकवावा लागला नव्हता, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

पुढे मात्र या कामाची गती मंदावली. १९४६ च्या भोर समितीने, देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ अस्तित्वातच नाही, असा निष्कर्ष काढला. १९६० साली रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने खास समिती नेमली. तिचा अहवाल १९६१ मध्ये आला. प्रत्येक शाळेला परिचारिका हे मात्र आपल्याकडे कधीच घडले नाही. उपकेंद्राची सिस्टर, आशाताई आणि शाळेचे गुरुजी, यांच्यावरच हे काम पडले. सपाटीवर पाच हजार आणि डोंगराळ भागात तीन हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, असा सरकारी दंडक आहे. तेथील सिस्टरने बाळंतपणे, लसी आणि नोंदवह्या सांभाळून शाळाही सांभाळायची, म्हणजे तिच्या वाट्याला किती येते याचा हिशेब वाचकांनीच करावा.

सोयी आहेत, पण पोचतात का?

आज सरकारने काहीच केलेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा, अशी त्याची रचना आहे. जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वे व रक्त यांची कमतरता आणि वाढीतील मागासलेपण, या चार सदरांत सुमारे तीस दोष शोधायचे असतात. दोष आढळला तर मुलाला वरच्या दवाखान्यात पाठवायचे, आणि गरज पडली तर हृदयाच्या शस्त्रक्रियेपर्यंतचा उपचार फुकट मिळावा, अशी तरतूद आहे. गरीब शेतकऱ्याच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे.

त्याशिवाय २०१५ पासून १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट हे जंतनाशक दिन ठरले आहेत. एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी चावून खायला देतात. दोन वर्षांखालील बाळाला अर्धी. रक्तवाढीसाठी आठवड्याला एक लोहाची गोळी असते. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी, दहा ते एकोणीस वर्षांच्यांना निळी. दुपारचे जेवण आहे, कर्नाटकात २०१३ पासून शाळेत दूध आहे, अलीकडे अंडी व केळीही मिळतात.

योजना कागदावर भक्कम आहेत. आमचा प्रश्न त्यांच्या शेवटच्या टप्प्याविषयी आहे. मुलाच्या तोंडातून तक्रार बाहेर पडण्याचा आणि आईच्या कानात सल्ला शिरण्याचा जो टप्पा आहे, तेथे भाषा लागते. पोटात कळ येते, मुरडा होतो, डोके गरगरते, अंगात कणकण आहे, धाप लागते, कान वाहतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, हे सारे मूल आपल्या आईच्या भाषेत सांगते. सात-आठ वर्षांचे मूल शाळेत कन्नडचा धडा म्हणून दाखवील, कविता पाठ म्हणेल; पण दुखणे सांगायचे म्हटले की ते मातृभाषेकडेच धावते. तिथे शब्द सापडला नाही, तर मान हलवून मोकळे होते. परक्या माणसासमोर, रांगेत, मागे पोरांचा गलका चालू असताना, कोणते मूल म्हणेल की मला समजले नाही, पुन्हा विचारा?

मोठ्या मुलींच्या बाबतीत अडचण दुहेरी आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला पाळीचा त्रास, अंगावरून जाणे, अशक्तपणा यांविषयी घरातसुद्धा दबक्या आवाजात बोलावे लागते. अजूनही काही घरांतून तिला त्या दिवसांत बाजूला बसवतात आणि शाळा बुडते. अशा मुलीने, ज्या भाषेत तिला लाज झाकून बोलण्याचे शब्दच ठाऊक नाहीत, त्या भाषेत आपले दुखणे सांगावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. पथकात एक स्त्री डॉक्टर असावी, असा नियम करणाऱ्यांनी हा संकोच ओळखला होता. भाषेचा संकोचही तसाच ओळखायला हवा.

आणि हा प्रश्न थोड्या मुलींचा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी शंभरात ५९ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. मुलांतही हे प्रमाण शंभरात ३१ होते. निळी गोळी याच दुखण्यावर आहे. परंतु ती उपाशीपोटी घेतली तर मळमळते, जेवणानंतर घेतली तर सोसते. चहाबरोबर घेतली तर तिचा गुण कमी होतो, लिंबू किंवा आवळ्याबरोबर वाढतो. तिच्यामुळे शौचाला काळे होते, त्यात भिण्यासारखे काही नाही. एवढी चार वाक्ये मुलीला आणि तिच्या आईला कळली, तर गोळी पोटात जाते. न कळली, तर पहिल्याच आठवड्यात मळमळते, काळी शौच पाहून आई घाबरते, आणि पुढच्या गोळ्या शाळेमागच्या कुंपणात पडतात. वही मात्र भरलेली असते!

पत्र्याच्या पेटीतील चिठ्ठी

तपासणीनंतरची गोष्ट तर याहून नाजूक आहे. आमच्या ओळखीच्या एका घरी मुलीचा कान वाहत असे. शाळेतील तपासणीत तो दोष बरोबर सापडला. तालुक्याच्या दवाखान्यात दाखवा, अशी चिठ्ठी मुलीच्या हाती देण्यात आली. चिठ्ठी कन्नडमध्ये होती. आईने ती जपून रेशनकार्डाबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवली. तपासणी झाल्याचा तो दाखला आहे, असा तिचा समज. बापाला सही करण्यापुरते वाचता येते, तेही मराठी. वर्षाने पुन्हा पथक आले, पुन्हा कान पाहिला, पुन्हा तीच चिठ्ठी. तोवर मुलीला वर्गात मठ्ठ ठरवून मागच्या बाकावर बसवले होते, आणि मागून तिला आणखीच कमी ऐकू येत होते.

या गोष्टीत दोष कोणाला द्यायचा? डॉक्टरांनी रोग ओळखला, चिठ्ठी लिहिली. आईने कागद जपला. प्रत्येकाने आपले काम केले आणि मुलीचा कान तसाच राहिला. न्यूयॉर्कच्या गल्लीत १९०२ पूर्वी जे घडत होते, ते आपल्याकडे आजही घडते. तेथे परिचारिका घरी गेली, म्हणून चित्र पालटले. आपल्याकडे चिठ्ठीला पाय फुटत नाहीत, निदान तिला आईची लिपी तरी असावी.

वाचकांना २०१७ सालची गोवर-रुबेला लसीची मोहीम आठवत असेल. ती पहिल्या फेरीत कर्नाटक आणि गोव्यासह पाच राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१८ च्या नोव्हेंबरात आली. नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या आतील मुलांना लस टोचायची होती. गोवरामुळे न्यूमोनिया होतो, आंधळेपण व बहिरेपण येऊ शकते. गरोदर बाईला रुबेला झाला, तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय यांवर घाला पडतो. पण त्या दिवसांत भ्रमणध्वनीवरून भलभलत्या अफवा सुटल्या. लसीने मुले दगावतात, वांझपण येते, वगैरे. सीमेवरच्या गावांत आणखी एक शंका निघाली: पलीकडे कोल्हापूरकडच्या पाहुण्यांच्या पोरांना ही सुई नाही, मग आपल्याच पोरांना का? शंका रास्त होती आणि तिचे उत्तर एका वाक्याचे होते, की मोहीम टप्प्याटप्प्याने सगळीकडे जाणार आहे. ते वाक्य लोकांच्या भाषेत सांगणारा कोणी ज्या शाळेत होता, तेथे रांगा लागल्या. अफवा नेहमी ऐकणाऱ्याच्या बोलीत येते; खरी माहिती परक्या भाषेत छापून आली, तर शर्यत सुरू होण्यापूर्वीच ती हरते.

तिसरे उदाहरण रानातले. माकडतापाचा रोग १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. पुढे तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ च्या सुमारास सिंधुदुर्गच्या दोडामार्ग भागातही दिसला. गोचिडीच्या चाव्याने हा ताप येतो. काजूच्या दिवसांत बिया गोळा करायला आणि गुरे राखायला जाणारी आमची पोरे त्याच रानात हिंडतात. कन्नडमध्ये याला मंगन कायिले म्हणतात. मंग म्हणजे माकड, हे ज्याला माहीत नाही, त्याला भिंतीवरचा तो फलक पाहून काय बोध होणार? रानात मेलेले माकड दिसले तर हात लावू नका, जाणत्यांना कळवा, घरी आल्यावर अंग तपासा आणि गोचीड काढा, हे त्या पोराला कळणे म्हणजे त्याचा जीव वाचणे आहे.

हक्काची बाजू

कोणी म्हणेल, राज्य कर्नाटकाचे, राज्याची भाषा कन्नड, मग कार्ड कन्नडमध्ये असणारच. त्याला आमची हरकत नाही. कन्नड कार्ड असावेच. वरच्या दवाखान्यातील डॉक्टरांना ते वाचायचे असते. त्याच कार्डावर दुसऱ्या ओळीत मराठी असावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. आणि ही भीक नाही. राज्यघटनेच्या ३५०-अ कलमाने प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. हे कलम १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आले, म्हणजे ज्या वर्षी भाषावार पुनर्रचनेने आमची गावे म्हैसूर राज्यात गेली त्याच वर्षी. भाषिक अल्पसंख्याकांसाठी त्या काळी जे संरक्षक उपाय मान्य झाले, त्यांत जिल्हा, तालुका किंवा नगरपालिका क्षेत्रात पंधरा टक्के वा अधिक लोक एखादी भाषा बोलत असतील, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना व नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असे तत्त्व आहे. मुलाला दवाखान्यात न्या, या सूचनेहून महत्त्वाची सूचना आईच्या दृष्टीने दुसरी कोणती असू शकते?

जे माप कर्नाटकाला, तेच महाराष्ट्राला लावले पाहिजे, हेही आम्ही स्पष्ट सांगतो. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या तालुक्यांत कन्नड शाळा आहेत. तेथील कन्नड पोराला मराठीत विचारले आणि त्याने मान हलवली, तर त्याचे दुखणेही असेच हरवते. त्या मुलाच्या कार्डावर कन्नडची ओळ असावी, असे म्हणण्याची तयारी असेल, तरच आमच्या मागणीला वजन आहे. गोव्याची स्थिती तुलनेने सोपी आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने तेथे कोकणीला राजभाषेचा मान मिळाला व मराठीचा सरकारी वापरही मान्य झाला. शिवाय कोकणी बोलणाऱ्या सिस्टरचे मराठी पोराशी बोलणे अडत नाही. अडते ते आपल्या पट्ट्यात, खानापूर, बेळगाव, निपाणीपासून बिदर जिल्ह्यातील भालकी-औरादपर्यंत.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने आपली जनआरोग्य योजना ८६५ सीमावर्ती गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला, कर्नाटकाने त्याला हरकत घेतली, आणि दोन्हीकडे पत्रके निघाली. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. एवढेच नोंदवतो की, ती योजना आजारी पडून मोठ्या दवाखान्यात दाखल झालेल्यांसाठी आहे. आजार लहान असताना ओळखण्याचे काम गावच्या शाळेतच व्हायचे असते, आणि तेथे येणारे पथक हे कर्नाटकाचेच आहे. तेव्हा त्या पथकाशी बोलण्याची सोय करून घेणे, यातच आपल्या मुलांचे हित आहे. आज दुसरीत असलेला मुलगा न्यायालयाच्या निकालापर्यंत दुसरीत थांबणार नाही. त्याची नजर तोवर आणखी अधू होईल.

आपल्या हातचे काय?

काही गोष्टी सरकारकडे मागायच्या आहेत. पहिली, कार्ड व चिठ्ठी दोन्ही भाषांत छापण्याची. कार्डावरील प्रश्न ठरलेले असतात, वर्षानुवर्षे तेच राहतात; एकदा भाषांतर केले की पुन्हा खर्च नाही. दुसरी, मराठी शाळांच्या फेरीवर जाणाऱ्या पथकात निदान एक जण मराठी जाणणारा असावा. बेळगाव जिल्ह्यात अशी माणसे आहेत, फक्त नेमणूक करताना शाळेचे माध्यम पाहिले पाहिजे. यासाठी शाळेच्या एसडीएमसीने ठराव करून तालुका आरोग्य अधिकारी व गटशिक्षणाधिकारी यांना अर्ज द्यावा. अर्ज मराठीत दिला तरी चालतो. घटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे गाऱ्हाणे मांडणारा अर्ज संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. सोबत कन्नड प्रत जोडली, तर काम लवकर होईल. त्यात कमीपणा मानू नये.

काही गोष्टींसाठी मात्र सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. पथक येण्याचा दिवस शाळेला आधी कळतो. आदल्या दिवशी गुरुजींनी किंवा बाईंनी प्रत्येक मुलाच्या आईकडून एक ओळ लिहून आणवावी: पोर रात्री खोकते का, फळ्यावरचे दिसते का, हाक मारली तर ऐकू येते का, दम लागतो का. ती ओळ मुलाच्या हाती असली, म्हणजे डॉक्टरांपुढे मूल मुके राहिले तरी कागद बोलतो. तपासणीच्या वेळी शिक्षकाने हजेरीपुरते न थांबता मुलाशेजारी उभे राहून दोन्हीकडचे बोलणे पोचवावे. आमचे बहुतेक मराठी शिक्षक उत्तम कन्नड जाणतात. २०२० पासून प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांना आरोग्यदूत नेमण्याची केंद्राची योजना आहे. सीमाभागात त्या दूताचे पहिले काम दुभाष्याचे आहे, असे आम्ही समजतो.

आशाताई तर गावचीच सून असते, गावचीच बोली बोलते. तपासणीच्या दिवशी तिला शाळेत बोलवावे आणि चिठ्ठ्यांची यादी तिच्या हाती द्यावी. कोणत्या घरी कोणते मूल दवाखान्यात न्यायचे आहे, हे तिने आठ दिवसांत दारोदार सांगितले, की पत्र्याच्या पेटीत एकही चिठ्ठी पडून राहणार नाही. मोठ्या मुलींसाठी तिच्याइतकी चांगली मध्यस्थ दुसरी नाही.

शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहिण्याची पद्धत आहे. त्या शेजारी अंगाचे अवयव आणि नेहमीची दुखणी यांचे चाळीस-पन्नास शब्द दोन्ही भाषांत लिहावेत. डोळा म्हणजे कण्णु, कान म्हणजे किवि, पोट म्हणजे होट्टे, दुखणे म्हणजे नोवु, गोळी म्हणजे मात्रे. ज्वर, रक्त, जंत हे शब्द तर दोन्हीकडे ओळखीचेच आहेत. यामुळे मुलांची मराठी पुसली जाणार नाही आणि कन्नडचीही सेवा होईल. कन्नड शिकायला सीमाभागातील मराठी माणसाने कधी नकार दिलेला नाही. बाजारात, बँकेत, शिवारात तो रोज कन्नड बोलतो. पण तो शहाणपणा त्याला वयाने येतो, आणि दुखणे काही वयाची वाट पाहत नाही.

घराघरांतून पाळायच्या गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत, तरी सांगतो. जेवणाआधी व शौचानंतर साबणाने हात धुणे, शेतात व परसाकडे जाताना पायात चप्पल घालणे, पिण्याचे पाणी झाकून ठेवणे. एका प्रकारचे जंत मातीतून अनवाणी पायावाटे अंगात शिरतात आणि रक्त पितात. जंतनाशक दिनाची गोळी आणि आठवड्याची निळी गोळी ही एकाच कामाची दोन टोके आहेत. त्या दिवशी मूल तापाने आजारी असेल, तर गोळी देऊ नये. राहिलेल्यांसाठी पुढे दुसरा दिवस ठेवलेला असतो. गोळीनंतर थोडी मळमळ किंवा पोटदुखी झाली, तरी ती सहसा जंत असल्यानेच होते व लवकर थांबते. खरूज झाली, तर एकट्या मुलाला मलम लावून भागत नाही. घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी लावावे आणि कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे.

त्या दुसरीतल्या मुलाचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. बाईंनी दुसऱ्याच दिवशी त्याला फळ्यापासून दूर उभे करून अक्षरे वाचायला लावली. वरची मोठी अक्षरे सोडली तर त्याला काही दिसत नव्हते. त्या स्वतः त्याला आणि त्याच्या आईला घेऊन तालुक्याला गेल्या. आता तो चष्मा लावून पहिल्या बाकावर बसतो. चष्मा पहिल्यांदा डोळ्यांवर चढवला, तेव्हा झाडाला निरनिराळी पाने असतात असे त्याला दिसले, आणि हे आधी कोणी का सांगितले नाही, म्हणून तो आईवर रागावला.

मराठी शाळा टिकली पाहिजे, असे आपण सभांतून म्हणतो. ज्या शाळेत पोराचे दुखणे कोणाला तरी कळते, ती शाळा आई-बाप सोडत नाहीत. येत्या १० ऑगस्टला गोळ्यांचा दिवस येईल, त्यानंतर केव्हातरी पथकाची गाडीही येईल. तोवर प्रत्येक गावाने आपल्या शाळेत जाऊन एवढेच विचारावे: आमच्या पोरांशी त्या दिवशी मराठीत कोण बोलणार आहे?